गाळणीला ओळख कशी आली? पडद्यावर पेप्टाइड बसवण्याची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग आहे एका गाळणीचा. पण चहाच्या गाळणीचा नाही, रक्ताच्या गाळणीचा. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे शब्दांकन.

सुरुवात करू मोडनिंबपासून. सोलापूर जिल्हा, माढा तालुका, पुणे-सोलापूर हायवेवरचं गाव. समजा, इथल्या एखाद्या माणसाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. मग त्याचं आयुष्य कॅलेंडरवर येतं. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, प्रत्येक वेळी साधारण चार तास. सोलापूरला जायचं तर एका बाजूने पन्नास-साठ किलोमीटर. म्हणजे प्रवास धरला की आठवड्यातले तीन दिवस गेलेच. 2016 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, जिल्हा रुग्णालयांत मशीन आणायचं ठरलं, ते याच माणसांसाठी.

त्या मशीनला एक पारदर्शक नळकांडं लावलेलं असतं. हातभर लांबीचं, आत पांढऱ्या शेवयांसारखे तंतू. हे तंतू साधारण दहा हजार असतात आणि प्रत्येक तंतू आतून पोकळ असतो. आतून रक्त वाहतं, बाहेरून पाणी आणि क्षारांचं द्रावण. एका बैठकीत असं सव्वाशे लिटरच्या आसपास द्रावण वापरलं जातं. तंतूची भिंत म्हणजेच आपला आजचा हिरो: पॉलिमरचा पडदा, ज्याला मेम्ब्रेन म्हणतात.

हा पडदा काय करतो? मोडनिंबच्या लोकांना वरवड्याचा टोलनाका माहीत आहे. समजा, त्या नाक्यावर फक्त एक लोखंडी कमान आहे. कमानीखालून मावेल ते वाहन जाईल, मावणार नाही ते अडेल. मोटारसायकलवर कोण बसलंय, चोर की डॉक्टर, हे कमानीला कळत नाही. पडद्याचंही तसंच. युरिया लहान, तो गेला. रक्तपेशी मोठ्या, त्या राहिल्या. आकार सोडून त्याला काहीच कळत नाही.

आजची गोष्ट आहे या आंधळ्या कमानीला डोळे लावण्याची. म्हणजे पडद्यावर पेप्टाइड नावाचे छोटे रेणू पक्के बसवायचे, की ते नेमकी वस्तू ओळखतील आणि पकडतील. ऐकायला सोपं वाटतं. पण यात आशा आहे, चिकाटी आहे आणि एक मोठा अपेक्षाभंगही आहे.

आधी पडदा

"डायलिसिस" हा शब्द दवाखान्यातून आलेला नाही. तो आणला थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने, 1861 मध्ये. पार्चमेंट कागदातून साखर-मीठ आरपार जातं, पण गोंदासारखे पदार्थ अडतात, हे त्याने पाहिलं.

हा प्रयोग माणसाच्या कामी यायला ऐंशी वर्षं गेली. 1943. नेदरलँड्समधलं काम्पेन हे गाव, वर जर्मन सैन्याचा ताबा. विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टरने सॉसेज भरायला वापरतात ती सेलोफेनची नळी घेतली, लाकडी पट्ट्यांच्या ढोलावर गुंडाळली आणि तो ढोल मिठाच्या पाण्याच्या टाकीत फिरवला. मदतीला होता गावातला एनॅमलच्या भांड्यांचा कारखाना. नळीतून फिरत होतं पेशंटचं रक्त. सुरुवातीचे जवळजवळ सगळे पेशंट वाचले नाहीत. अखेर 1945 मध्ये 67 वर्षांची एक बाई बेशुद्धीतून बाहेर आली आणि पुढे काही वर्षं जगली. कृत्रिम किडनी शक्य आहे हे तिथे सिद्ध झालं.

मात्र एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. रक्त म्हणजे काही पाणी नव्हे. परकी वस्तू दिसली की ते लगेच प्रतिक्रिया देतं. 1968 मध्ये अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी नोंदवलं की डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांतच रक्तातल्या पांढऱ्या पेशींची एक महत्त्वाची जात जवळजवळ गायब होते. पुढे 1977 मध्ये कारण सापडलं. सेल्युलोजच्या पडद्याला रक्त लागलं की शरीराची एक संरक्षण यंत्रणा चेतते आणि त्या पेशी फुप्फुसात जाऊन अडकतात.

1990 च्या सुमाराचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. अ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या एका खास पडद्यावर ऋणभार होता. त्या पडद्यावर डायलिसिस घेणाऱ्या आणि सोबत ब्लड प्रेशरच्या विशिष्ट गोळ्या खाणाऱ्या काही पेशंटना अचानक तीव्र अ‍ॅलर्जीसारखा झटका यायचा. भारित पडद्यामुळे रक्तात ब्रॅडिकायनिन तयार व्हायचं, आणि एरवी त्याचा नायनाट करणारं एन्झाइम त्या गोळ्यांनी बंद पाडलेलं असायचं. दोन्ही गोष्टी एकेकट्या चालून जायच्या, एकत्र आल्या की धोका. आणि हे ब्रॅडिकायनिन म्हणजे काय? नऊ अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड!

म्हणजे पडद्याचा पृष्ठभाग मुका नसतो. तो रक्ताशी सतत बोलतच असतो. मग प्रश्न असा पडला की तो काय बोलेल, हे आपल्याला ठरवता येईल का?

आता पेप्टाइड

पेप्टाइड म्हणजे काय, ते एका वाक्यात सांगतो. अमिनो आम्लांचे मणी एकामागे एक ओवले की माळ होते. लांब माळ असेल तर प्रथिन, छोटी असेल तर पेप्टाइड. कोणते मणी, कोणत्या क्रमाने, यावर तिचा सगळा स्वभाव ठरतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत एमिल फिशरने असे मणी जोडायला घेतले. पण काम जिवावर यायचं. प्रत्येक मणी जोडला की मिश्रण शुद्ध करा, पुन्हा जोडा, पुन्हा शुद्ध करा. दरवेळी थोडा माल वाया. दहा मण्यांची माळ करायला महिनोन्महिने जायचे.

यावर तोडगा निघाला न्यूयॉर्कमध्ये, 1963 साली. ब्रूस मेरीफिल्डने एक साधा विचार केला. माळेचं एक टोक प्लास्टिकच्या दाण्याला बांधूनच टाकलं तर? पॉलिस्टायरीनच्या बारीक दाण्यांवर त्याने पहिलं अमिनो आम्ल पक्कं बसवलं. मग दुसरं घाला, उरलेलं धुऊन टाका. तिसरं घाला, धुऊन टाका. माळ दाण्याला धरून आहे, ती कुठे जात नाही. शेवटी दाण्यापासून सोडवून घ्यायची. त्या पहिल्या पेपरमध्ये माळ फक्त चार मण्यांची होती. 1984 मध्ये याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं.

आपल्या गोष्टीत हे वळण महत्त्वाचं आहे. मेरीफिल्डला पेप्टाइड शेवटी सुटायला हवं होतं. पॉलिमर त्याच्यासाठी कामापुरतं ओझं वाहणारा हमाल होता. पण इतरांच्या डोक्यात आलं की ते सोडवायचंच नाही, तसंच ठेवलं तर? 1992 मध्ये जर्मनीत रोनाल्ड फ्रांक यांनी नेमकं हे केलं. सेल्युलोजच्या पडद्यावर, म्हणजे जवळजवळ गाळण कागदावरच, ठिपक्याठिपक्याने वेगवेगळी पेप्टाइड तयार केली. हातभर कागदावर शेकडो ठिपके. वरून रुग्णाच्या रक्तातला द्राव ओतायचा आणि अँटिबॉडी कोणत्या ठिपक्याला चिकटते ते बघायचं. विषाणूचा नेमका कोणता तुकडा आपलं शरीर ओळखतं, हे अशा कागदावर शोधता येऊ लागलं.

कुर्डुवाडीला गाडी बदला

आता खरी अडचण. डायलिसिसचे आधुनिक पडदे पॉलिसल्फोनसारख्या पॉलिमरचे असतात. ते टिकाऊ असतात, उष्णता सोसतात, रसायनांना दाद देत नाहीत. आणि हाच घोळ आहे! दाद देत नाहीत म्हणजे पेप्टाइडलाही हात देत नाहीत. पकडायला कडीच नाही.

मोडनिंबकरांना यासाठी घरचं उदाहरण देतो. 1906 साली कुर्डुवाडी ते पंढरपूर अशी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी सुरू झाली. मोडनिंब स्टेशन याच मार्गावरचं. मुंबईहून येणारी मोठी गाडी ब्रॉडगेजवर, पंढरपूरची छोटी नॅरोगेजवर. रूळ जुळत नाहीत, तर गाडी थेट कशी जाणार? म्हणून वारकरी कुर्डुवाडीला उतरायचे आणि गाडी बदलायचे. आज तो मार्ग ब्रॉडगेज झालाय, पण नव्वदपेक्षा जास्त वर्षं कुर्डुवाडीशिवाय गत्यंतर नव्हतं.

पडदा आणि पेप्टाइड यांच्यातही एक कुर्डुवाडी लागते. एका बाजूने पॉलिमरला जुळणारी, दुसऱ्या बाजूने पेप्टाइडला जुळणारी.

ती बांधायचे रस्ते बरेच आहेत. प्लाझ्मा म्हणजे विद्युतभारित वायू किंवा अतिनील किरण पृष्ठभागावर मारायचे, की तिथे नवे रासायनिक गट उगवतात. अ‍ॅक्रिलोनायट्राइलचं पॉलिमर असेल तर, म्हणजे स्वस्त स्वेटरची लोकर ज्याची असते तेच, कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवायचं. पृष्ठभागावर आम्लगट तयार होतात. मग मध्यस्थ रसायन वापरून पेप्टाइडच्या अमाइन गटाशी गाठ मारायची. गंमत अशी की ही गाठ तीच असते, जी पेप्टाइडमध्ये दोन मण्यांना जोडते.

आणखी एक रस्ता समुद्रातून आला. खडकाला घट्ट चिकटून बसणारे शिंपले तुम्ही पाहिले असतील, गोव्यात त्यांना शिनाणे म्हणतात. लाटा आपटतात, पण ते हलत नाहीत. त्यांच्या चिकट प्रथिनांतली रसायनशास्त्रीय युक्ती ओळखून अमेरिकेतल्या फिलिप मेसरस्मिथ यांच्या गटाने 2007 मध्ये दाखवलं की डोपामाइनच्या सौम्य अल्कधर्मी द्रावणात जवळजवळ काहीही बुडवा, त्यावर पातळ थर चढतो. त्या थराला पेप्टाइड लगेच हात देतं. हो, तेच डोपामाइन, ज्याबद्दल रील्समध्ये रोज ऐकता!

सोलापुरी टॉवेलचा धडा

गाठ मारली म्हणजे काम झालं का? नाही. 1968 मध्ये अमेरिकेत पेड्रो क्वाट्रेकासस आणि सहकाऱ्यांनी एन्झाइम पकडण्यासाठी जेलच्या मण्यांवर रेणू बसवले. तेव्हा दिसलं की रेणू पृष्ठभागाला अगदी खेटून बसला, तर समोरच्याला तो पकडताच येत नाही. मध्ये लांबट दोरी ठेवली की पकड सुधारते.

सोलापूरचा टेरी टॉवेल हातात घ्या. साध्या कापडापेक्षा तो पाणी जास्त का टिपतो? कारण त्याच्या पृष्ठभागावर धाग्यांचे छोटे वेढे उभे असतात. तेच धागे आडवे विणले असते तर नुसती चादर झाली असती. पेप्टाइडही असंच उभं राहायला लागतं, आडवं पडून उपयोग नाही.

मग अंतर किती ठेवायचं? त्याआधी 1984 मधला एक शोध सांगतो. कॅलिफोर्नियात मायकल पियर्सबाखर आणि एर्की रुओस्लाहती फायब्रोनेक्टिन या भल्यामोठ्या प्रथिनावर काम करत होते. आपल्या पेशी त्याला धरून बसतात. त्याच्या एका साखळीत दोन हजारांहून जास्त अमिनो आम्लं. पण पेशीला खरं कशाशी देणंघेणं असतं? फक्त चार मण्यांशी: आर्जिनीन, ग्लायसीन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, सेरीन. तेवढाच तुकडा पृष्ठभागावर बसवला तरी पेशी येऊन चिकटतात.

पुढे 1991 मध्ये स्टीफन मासिया आणि जेफ्री हबेल यांनी काचेवर मोजमाप केलं. असे तुकडे एकमेकांपासून 440 नॅनोमीटरवर असले तरी पेशी पसरते. पण तिने पाय रोवून घट्ट बसावं, तर अंतर साधारण 140 नॅनोमीटर लागतं. केसाच्या जाडीचे पाचशे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढं. लक्षात घ्या, पेप्टाइड तेच, पृष्ठभाग तोच, फक्त अंतर बदललं आणि पेशीचं वागणं बदललं.

बेडकाची ढाल

आता जिवाणू मारणारी पेप्टाइड. अमेरिकेत मायकल झासलॉफ प्रयोगासाठी आफ्रिकन बेडकांवर शस्त्रक्रिया करायचे आणि त्यांना परत टाकीत सोडायचे. टाकीचं पाणी काही निर्जंतुक नव्हतं. तरी जखमा चिघळत नव्हत्या. का? 1987 मध्ये उत्तर मिळालं. बेडकाच्या कातडीत 23 मण्यांची पेप्टाइड होती, जी जिवाणूच्या आवरणाला भोकं पाडत होती. नाव ठेवलं मॅगॅनिन, हिब्रूमधल्या "ढाल" या शब्दावरून.

मग शंका आली. भोक पाडायला पेप्टाइड जिवाणूच्या आवरणात घुसावं लागतं. त्याला पॉलिमरला बांधून ठेवलं तर ते घुसणार कसं? 1995 मध्ये शॅरन हेनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पॉलिमरच्या दाण्याला पक्की बांधलेली अशी पेप्टाइडसुद्धा जिवाणू मारतात. पाण्याच्या गाळण्या, कॅथेटर, डायलिसिसचे पडदे, सगळीकडे हे लावता येईल अशी आशा वाढली.

पण प्रयोगशाळेतल्या स्वच्छ द्रावणात जे चालतं, ते रक्तात चालेलच असं नाही. रक्तातली प्रथिनं धावत येऊन पृष्ठभागावर थर करतात आणि पेप्टाइड खाली गाडलं जातं. क्षार त्याची ताकद कमी करतात. शिवाय मेलेल्या जिवाणूंची मढी तिथेच साचली, तर पुढच्या जिवंत जिवाणूंना बसायला आयती सतरंजी!

दवाखान्याची परीक्षा

आता तो अपेक्षाभंग. 1947 मध्ये मातीतल्या एका जिवाणूपासून पॉलिमिक्सिन नावाची प्रतिजैविकं सापडली. दहा अमिनो आम्लांचं पेप्टाइड आणि त्याला चरबीची शेपटी. एंडोटॉक्सिन नावाच्या विषाला ते घट्ट धरतं. काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात हे विष असतं आणि सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्ग अंगभर भिनल्यावर, ते रक्तात धुमाकूळ घालतं. पण पॉलिमिक्सिन रक्तात मोकळं सोडलं तर किडनी आणि नसांना त्रास.

जपानी संशोधकांनी आणि तोरे या कंपनीने मग ते पॉलिस्टायरीनच्या तंतूंवर पक्कं बांधलं. मेरीफिल्डच्या दाण्यांचं हे चुलत भावंडच. काडतुसासारख्या डब्यात तंतू, त्यातून रक्त फिरवायचं. विष तंतूला चिकटेल, औषध शरीरात जाणार नाही. नेमकं बोलायचं तर हा गाळणारा पडदा नाही, पकडणारा तंतू आहे. पण पॉलिमरच्या पृष्ठभागावर बांधलेलं पेप्टाइड खरोखर आयसीयूमध्ये पोचलं, ते इथे. 1994 मध्ये जपानच्या आरोग्य विम्यात त्याचा समावेश झाला आणि पुढे ते हजारो पेशंटवर वापरलं गेलं.

2009 मध्ये इटलीतल्या 64 पेशंटच्या चाचणीचा निकाल आला. 28 दिवसांतले मृत्यू नेहमीच्या उपचारात 53 टक्के, या काडतुसासोबत 32 टक्के. चाचणी लवकर थांबवली, कारण फायदा दिसत असताना इतरांना वंचित का ठेवायचं? पण चाचणी लहान होती आणि कोणाला काय उपचार चाललाय हे सगळ्यांना दिसत होतं.

मग अमेरिका-कॅनडात 450 पेशंटची मोठी चाचणी झाली. या वेळी दुसऱ्या गटालाही मशीन लावल्याचा देखावा केला, म्हणजे कोणाला खरं काडतूस मिळालं हे कळू नये. 2018 मध्ये निकाल आला. काडतूस असलेल्या गटात 28 दिवसांतले मृत्यू 37.7 टक्के, नसलेल्या गटात 34.5 टक्के. फायदा दिसला नाही. काही ठराविक पेशंटना उपयोग होत असेल का, याचा शोध त्यानंतरही चालू राहिला, पण सरसकट आशेला ब्रेक लागला.

पेप्टाइड सुटलं होतं का? नाही. विष पकडत नव्हतं का? पकडत होतं. रसायनशास्त्र पास झालं होतं. पण सेप्सिस म्हणजे एका विषाचा खेळ नाही. पेटलेल्या घरातून काडेपेटी उचलून नेली, म्हणून आग विझत नाही.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्र या गोष्टीत प्रेक्षक नाही. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 मध्ये सुरू झाली आणि तिथे पॉलिमरच्या पडद्यांवर मोठं काम झालंय, त्यात अ‍ॅक्रिलोनायट्राइल पॉलिमरचे पाणी शुद्ध करणारे पडदेही आले. आयआयटी मुंबईत जयेश बेल्लारे यांच्या गटाने डायलिसिसचे पोकळ तंतू बनवताना पॉलिसल्फोनमध्ये जीवनसत्त्व ई पासून बनवलेला पदार्थ मिसळला, म्हणजे रक्ताला पडदा कमी परका वाटावा. इथे पेप्टाइड नाही, पण प्रश्न तोच आहे, आणि त्यांचा मार्ग कदाचित जास्त व्यवहारी. कारण पेप्टाइड महाग असतं, आणि ते बसवलेला पडदा निर्जंतुक करताना वाफ किंवा गॅमा किरण त्याचीच वाट लावू शकतात.

म्हणून पुढच्या वेळी मोबाइलवर "स्मार्ट पडदा, आता सगळे जंतू खल्लास" अशी बातमी आली, तर फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा. एक, पेप्टाइड पक्कं बांधलंय की नुसतं फासलंय? फासलेलं वाहून जातं. दोन, चाचणी साध्या पाण्यात झाली की रक्तात? तीन, आणि हा सगळ्यात मोठा: पेशंट जास्त जगले का, की फक्त आलेख चांगला दिसला?

हा तिसरा प्रश्न विचारायला रसायनशास्त्राची डिग्री लागत नाही. आठवड्यातून तीन दिवस एसटीने डायलिसिसला जाणाऱ्या माणसाचा तोच एकमेव प्रश्न असतो. टोलनाक्याच्या कमानीला डोळे लावायला माणसाला अनेक दशकं लागली. ते डोळे नेमकं काय बघतात आणि त्याने कोणाचा जीव वाचतो, हे तपासायला अजून वेळ लागेल. तोवर साधी आंधळी कमान रोज लाखो लोकांना जगवते आहे, हेही विसरायला नको.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात किंवा गावात कोणी डायलिसिसवर असेल, तर त्यांना हा भाग जरूर ऐकवा. चार तास खाटेवर पडून राहायचं असतं, तेवढीच सोबत. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि पाणी पीत राहा!